एका मार्कानं

निकाल तिसऱ्यांदा लागला आणि मार्क तिसऱ्यांदा एकोणपन्नास. पास व्हायला शंभरातले पन्नास लागत होते.

“एका मार्कानं,” नवरा म्हणाला, आणि खुर्चीत असा काही बसला की सासूबाईंनी न सांगता पंखा वाढवला.

सूनबाई पंपाच्या जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग करत होती. तिनं तार बोटांत तशीच धरून “होतं असं,” म्हटलं. धीर देऊन याआधी दोनदा झाला होता.

प्रकरण साधं नव्हतं. मोटारदुरुस्तीचं आणि वायरिंगचं त्यांचं दुकान सासऱ्यांच्या परवान्यावर चालत होतं. वर्षअखेरीला तो परवाना संपणार होता आणि सासऱ्यांच्या वयाला पुन्हा मिळणार नव्हता. तोवर घरातलं कुणी विजेच्या कामाची परीक्षा पास झालं तर ठीक, नाहीतर शटर खाली. परीक्षा वर्षातून चारदा व्हायची. तीन होऊन गेल्या होत्या.

त्या परीक्षेपायी घरानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? मिक्सर बंद. कुकरच्या शिट्ट्या बंद. भाजी आणणं, शिडीवर चढणं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, ही सगळी कामं अभ्यासू माणसाच्या अंगावरून काढून सूनबाईच्या अंगावर घातली. टेबलावर दिवसाला पाच चहा, सोबत सोललेले बदाम. सासरे मुलाला ‘आमचे विद्यार्थी’ म्हणायचे आणि शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकून यायचे.

विद्यार्थी मात्र मोठा धीराचा. अर्ध्या वेळातच पेपर देऊन बाहेर यायचा, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. पहिल्यांदा पेनानं दगा दिला, दुसऱ्यांदा बाक डुगडुगत होता, तिसऱ्यांदा पुढच्या माणसाला उचक्या लागल्या होत्या. निकालानंतर तो दोन दिवस दुःख करायचा, म्हणजे झोपायचा. तिसऱ्या दिवशी नव्या उमेदीनं चहा मागायचा.

“चौथ्या वेळी काढतो,” तो म्हणाला. “शेवटची संधी आहे, मला काय कळत नाही?”

सासऱ्यांना त्याचं कौतुक वाटलं. सूनबाईला भीती वाटली. शटर ओढल्याचा आवाज तिला भर दुपारी, उघड्या दुकानात ऐकू यायचा. बारा वर्षं तिनं तिथं तांब्याची तार गुंडाळली होती. वेढे कमी पडले तर मोटार जळते, त्यामुळे मोजायची सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. नवऱ्याला प्रश्न विचारायचं कामही तिचंच. पुस्तक मांडीवर, तार हातात. तो कधी उत्तर द्यायचा, कधी नुसती जांभई. विचारून विचारून पुस्तक तिलाच पाठ झालं.

एका दुपारी ती त्याचं टेबल आवरायला गेली. तो शेजारीच अभ्यासाच्या थकव्यानं घोरत होता. प्रश्नपत्रिका घरी न्यायला मिळायची आणि आपण दिलेल्या उत्तरांवर खूण करून ठेवायची त्याची पद्धत होती. तिन्ही पेपर चहाच्या कपाखाली पडून होते. तिनं सहज बरोबर उत्तरांची यादी शेजारी घेतली आणि पहिला पेपर तपासला. मग दुसरा. मग तिसरा. वेढे मोजतात तसं बोट ठेवून मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. मग कपाचे डाग पुसले आणि पेपर होते तिथं ठेवून दिले.

रात्री जेवायला वाढताना ती म्हणाली, “या वेळी मी पण फॉर्म भरते.”

नवऱ्याला आधी हसू फुटलं. मग म्हणाला, भर की, तेवढीच सोबत. सासऱ्यांनी तिच्या बारा वर्षांच्या कामाचा दाखला लिहून दिला. स्वयंपाकाचं काय, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की या वेळी सगळं सांभाळूनच करते. केलंही तसंच. पुस्तक ओट्यावर, एक डोळा दुधावर.

परीक्षेच्या दिवशी सूनबाई अर्ध्या वेळातच बाहेर आली. नवरा शेवटच्या घंटेपर्यंत बसला आणि पहिल्यांदाच घामाघूम होऊन आला. सासूबाई मनाशी म्हणाल्या, पोरीला काही जमलेलं दिसत नाही.

निकाल लागला. नवऱ्याला चौऱ्याण्णव! सासऱ्यांनी डोळे पुसले आणि वर्षभरात पहिल्यांदा घरात मनसोक्त शिंकले. दुकान वाचलं होतं. सूनबाईनं तो कागद दोनदा वाचला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग कुणाला तरी तिची आठवण झाली. तिला एकोणपन्नास.

“अगं बाई, एका मार्कानं,” सासूबाई हळहळल्या.

सूनबाई खुर्चीत बसली. सासूबाईंनी न सांगता पंखा वाढवला. दुकानात दोन परवाने असले तर काय वाईट, असं सासरे म्हणाले आणि त्यांनी तिथंच फर्मान काढलं: हिनं तीन महिने फक्त अभ्यास करायचा. मिक्सर बंद. शिडी, गिऱ्हाइकं आणि भाजी मुलाकडे.

सगळे पांगल्यावर नवरा भाजीची पिशवी हातात घेऊन तिच्यापुढं उभा राहिला. “तुला अख्खं पुस्तक पाठ आहे,” तो हळूच म्हणाला. “तुला एकोणपन्नास कसे पडले?”

तिनं आपली प्रश्नपत्रिका त्याच्या हातात दिली आणि बदाम तोंडात टाकला.

“मोजून बघा. एकोणपन्नास बरोबर, चूक एकही नाही, आणि बाकीचे एक्कावन्न कोरे. तुमच्याच तिन्ही पेपरांवरून शिकले.”