दहावे छायाचित्र

निवृत्त आरेखकाच्या भिंतीवर एकाच दिवंगत गायिकेची स्वाक्षरी केलेली नऊ छायाचित्रे होती. दहावे पत्नीने तरुणपणी आणलेले. “बाईंनी माझ्यासमोर सही केली हो,” ती परोपरीने सांगे. परंतु कर्कटकाने मोजता ती सही बाकीच्या नऊ सह्यांशी जुळेना, म्हणून त्याने छायाचित्र खोटे ठरवून कपाटात टाकले होते. आज संग्रह पाहायला गायिकेची धाकटी बहीण आली. भिंतीकडे पाहून खुदकन हसली. “अहो, या सगळ्या माझ्या सह्या! ताईला सह्यांचा भारी कंटाळा.” त्याने चष्मा पुसला, पुन्हा कर्कटक लावले. नऊही तंतोतंत जुळत होत्या. जुळते तेच खरे, एवढेच तो आयुष्यभर शिकला होता. पत्नीने कपाटातले छायाचित्र आणले. “ही सही मात्र ताईचीच,” बहीण म्हणाली. तो गोंधळला. “आता हे कुठे लावू?” “कुठेही,” पत्नी म्हणाली, “नऊ खिळे मोकळे झालेत की!”