आईची वायर

जामखेडला भीमगीतांचा कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. साउंडवाला संदीप या गायन पार्टीबरोबर आज पहिल्यांदाच आला होता. भागिरथीबाई मुख्य गायिका, सून प्रज्ञा कोरसला. प्रज्ञानं माइकच्या प्रत्येक वायरवर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहिलं होतं: ढोलक, पेटी, प्रज्ञा, आई. 'आई'च्या वायरला एक निळी चिंधीही बांधलेली होती, आणि तिचीच पिन मिक्सरखाली मोकळी पडली होती. संदीपनं ती पटकन उचलली. तो पिन लावणार, तोच प्रज्ञानं त्याचा हात धरला.

"लावू नका, दादा. वर्ष झालं, आईंचा सूर लागत नाही. मागं बसून मीच गाते. त्यांना कळलं तर हाय खातील."

ती स्टेजवर गेली आणि भागिरथीबाई मिक्सरपाशी आल्या. संदीपनं घाईघाईनं पिनेवर पाय ठेवला. म्हातारीनं वाकून चिंधी चाचपली, वायर ओढली आणि मोकळी पिन बघून सुटकेचा सुस्कारा सोडला.

"मला वाचता येत न्हाई बाबा, म्हनून चिंधी बांधलीय. नवा मानूस चुकून लावायचा, अन् पोरीचं गानं बिघडायचं."