फोटोसाठी दहा मिनिटं

परिषदेसाठी आलेल्या पाहुण्यांना कड्यावरून समुद्र दाखवायचं काम मी अकरा वर्षं करतेय. फोटोसाठी दहा मिनिटं दिली, की त्यांना परत बसमध्ये कोंबायला अर्धा तास घसा फोडावा लागतो. आजचे सदतीस पाहुणे दरडी का कोसळतात याचा अभ्यास करणारे होते. वाटेत भलतेच बडबडे!

कड्यावर उतरल्या उतरल्या एकजण कठड्याच्या बुडाशी उकिडवा बसला, त्यानं तिथल्या भेगेत अख्खा हात घातला आणि बाकीच्यांना बोलावलं.

"ही भेग कधीपासून आहे?"

"जुनीच हो! दरवर्षी सिमेंट भरतात, दरवर्षी उघडते. यंदा मात्र चांगलाच आ वासलाय तिनं," मी हसत सांगितलं.

कुणी हसलं नाही. समुद्राकडे तर कुणी पाहिलंही नाही. पाचव्या मिनिटाला सगळे मुकाट्याने बसमध्ये चढायला लागले.

"अहो, एक फोटो तरी काढा! एवढ्या लांब कशाला आलात मग?" मी माईकवरून चेष्टा केली.

सगळ्यात वयस्कर पाहुणे बसच्या दारात थांबले. "कड्याखाली ती घरं दिसतात, तिथे कोण राहतं?"

"आम्हीच की! ते निळ्या दाराचं माझं. आई आत्ता माझ्या पोरीला जेवायला वाढत असेल."

त्यांनी माझ्या हातातला माईक हळूच काढून घेतला.

 

"आईंना फोन लावा. म्हणावं, पोरीला उचला आणि भरल्या ताटावरून उठून पळा."