तारेवरची देवी

शूटिंगमध्ये देवी अवतरायची म्हणून मला तारेवर टांगलं आणि कप्पीच अडकली. पट्टा कमरेत रुतत होता. देवबिव मी मानत नाही, पण लोंबकळताना कुणाला सांगणार? गर्दीसाठी आणलेल्या बायकांपैकी एकीनं तापानं फणफणलेलं लेकरू माझ्याकडे उचललं. "आई, हात ठेव गं!" मी खेकसले, "अगं बाई, मी नटी आहे! डॉक्टरकडे पळ!" ती पळाली. तिची जाऊ म्हणाली, "आठवडाभर कानीकपाळी ओरडतेय, ढिम्म हलली नाही. देवीनं सांगितलं, लगेच पळाली!" पोर वाचलं. पुढच्या शूटिंगला तारेखाली बायकांची रांग होती, प्रत्येकीच्या कडेवर आजारी मूल. "मी देवी नाही," म्हणायला तोंड उघडलं. पहिलीच्या कडेवरची पोर धापा टाकत होती. तारेवरचा सीन संपला होता. तरी मुकुट चढवला, कमरेवरच्या वळावरच पट्टा आवळला आणि तारवाल्याला म्हटलं, "ओढ बाबा वर."