उष्टा कप

मंजिरी वडिलांबरोबर होणारं सासर बघायला आली, चहा पिऊन गेली, आणि इंदूताईंनी तिचा उष्टा कप हळूच बाजूला ठेवला. मेडिकलच्या दुकानात जनुक तपासायची पट्टी आता शाम्पूच्या पुडीच्या भावात मिळत होती. कपाच्या कडेची लाळ त्या पट्टीला लावली की सगळे दोष फोनवर वाचता येत. आपल्या तुषारची होणारी बायको पारखून घेतली तर बिघडलं कुठे, असं मनाला समजावत त्यांनी तपासणी करूनही टाकली.

पुढच्या रविवारी मंजिरी एकटीच आली.

"काकू, मी तपासणी केली, माझ्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहकगुण आहे. मला त्रास नाही, पण तुषारमध्येही तो असला तर मुलांना आजार होऊ शकतो. त्याचीही तपासणी करा, मगच होकार द्या."

"आणि बाकीचं?" इंदूताईंच्या तोंडून निसटलं.

"बाकीचं मी मुद्दामच बघितलं नाही. आईची दृष्टी चाळिशीत गेली. माझ्या नशिबात काय आहे ते मला आत्ता कळायला नको. दिसतंय तोवर निवांत बघू दे."

इंदूताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरी, त्या दिवशी मी तुझा कप..."

"सांगू नका!" मंजिरी ओरडली. पण इंदूताईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं, आणि आईसारखीच आपलीही दृष्टी जाणार, हे तिला कळून गेलं.

तिने विचारलं, "तुषारला माहीत आहे?"

इंदूताईंनी मान खाली घालूनच होकार दिला.

मंजिरी उठली आणि चपला घालून निघाली. तिला 'थांब' म्हणायलाही इंदूताईंना तोंड उरलं नव्हतं.