राहिलेला डोहाळा

पाचव्या महिन्यात प्रीती नवऱ्याच्या नोकरीपायी त्याच्याबरोबर अमेरिकेला गेली, आणि पहिलटकरीण लेकीचे डोहाळे पुरवायचे सरुबाईचे सगळे बेत कोल्हापुरातच राहिले. दर रविवारी फोन आला की सरुबाई आधी तेच विचारायची, "काय खावंसं वाटतंय गं?" प्रीतीचं उत्तरही ठरलेलं. "हितं सगळं मिळतंय, आई. मी मागीन ते आणून देत्यात हे."

नातू चार महिन्यांचा झाला तेव्हा पोस्टानं त्याचा फोटो आला. अख्ख्या गल्लीनं बाळाचे गाल बघितले, मागची लांबलचक मोटार बघितली. सरुबाईला मात्र दिसली ती हनुवटीवरून गळणारी लाळ. आईचे डोहाळे अपुरे राहिले की पोराची लाळ गळते, हे काय तिला कुणी शिकवायला पाहिजे होतं?

रविवारी फोन येताच तिनं लेकीला फैलावर घेतलं. "माझ्याशी खोटं बोलतीस व्हय? जावयाकडं काय मागितलंस, जे तुला मिळालं न्हाय?"

पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग प्रीतीचा दबका आवाज.


"माझा पासपोर्ट, आई."