पुढची पायदानं

चांद मिस्त्रीनं राजदूतच्या लेगगार्डवर क्लॅम्प चढवला, नट अर्धवट आवळला आणि म्हणाला, "बसा डॉक्टरसाब. पाय ठेवून पाहा."

माणिकराव गाडीवर बसले. उजवा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि पुढच्या पायदानावर सरळ ठेवला. इंजेक्शन देताना गायीनं लाथ मारली होती, गुडघ्याची वाटी फुटली होती. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकत नव्हता. ढोरांचे डॉक्टर म्हणून मानोऱ्याकडच्या तांड्यांवर फिरणाऱ्या माणसाला गाडी चालवता येत नसेल, तर त्यानं अकोल्याच्या कचेरीत टेबलावर बसावं, असं साहेबांनी कळवलं होतं.

"अजून दोन बोटं खाली घ्या," भागिरथाबाई म्हणाल्या. नवऱ्याबरोबर त्याही आल्या होत्या आणि दुकानाच्या दारात बाकड्यावर बसून सगळं बघत होत्या.

"त्याईले तं सांगू द्या, भाबी."

"ते नाई सांगत. टाच अधर हाये त्याईची."

टाच खरंच अधांतरी होती. चांदनं क्लॅम्प खाली सरकवला. मग मागच्या ब्रेकच्या पायडलला जोडून पुढच्या पायदानापर्यंत आणलेली सळई त्यानं थोडी वाकवली, म्हणजे पाय न हलवता नुसतं पाऊल दाबलं की ब्रेक लागावा.

लावलेलं पायदान नुसतं मापासाठी होतं; कायमचं बसवायला दोन तऱ्हेची होती. एक पक्कं, लोखंडी. दुसरं बिजागरीचं, वर मुडपणारं, त्याला रबर चढवलेलं. माणिकरावांनी पक्क्यावर हात ठेवला. "हे मजबूत हाये."

"गाडी पडली तं?" भागिरथाबाईंनी चांदला विचारलं.

"पक्कं जमिनीत रुतते, भाबी. पाय खाली सापडन. हे दुसरं मुडपून जाते."

"मंग मुडपणारंच बसवा. दोन्हीकडून."

"डावीकडून काहून? त्या पायानं गिअर टाका लागते. पुढं ठेवला तं गिअर कोण टाकन?"

"दोन्हीकडून बसवा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण चांदनं दुसरा क्लॅम्प घेतला.

काम झालं तेव्हा ऊन कलंडलं होतं. चांदनं किक मारून गाडी सुरू करून दिली. माणिकरावांनी बायकोकडे पाहिलं.

"तू बसनं ये. मी एकटा जाऊन पाह्यतो पयले."

"मी बसनं जाऊ आन् तुमी एकले पडसान?" भागिरथाबाई मागे बसल्या. पदर कमरेला खोचला, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. "चाला."

वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडपाशी गर्दी होती. माणिकराव गाडी अगदी हळू काढत होते, मान खाली. हॉटेलापुढे चहा पीत उभा असलेला हेमसिंग, ज्याच्या म्हशी त्यांनी कितीदा तपासल्या होत्या, तो मधे आला. गाडी थांबली. हेमसिंग पायदानांकडे बघत राहिला.

"डॉक्टर, गाडीले शिंगं कवा फुटले?"

आजूबाजूचे चार लोक जवळ आले. एकानं वाकून बिजागरी वरखाली केली. कुठून बसवलं, आपल्या गाडीला बसेल का, लांबच्या रस्त्यात आराम मिळतो का, असं त्यांचं चाललं. माणिकरावांनी चांदचं दुकान सांगितलं. आराम मिळतो म्हणून सांगितलं. सांगता सांगता त्यांची मान कधी वर झाली, त्यांनाही कळलं नाही.

गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "दोन्हीकडून काहून सांगितलं तू?"

"एकाच बाजूनं असतं तं लोकाईनं तुमचा पाय पाह्यला असता. दोन असले का गाडी पाह्यतेत."

पुढे वळणावर बकऱ्यांचा कळप एकदम रस्त्यात आला. माणिकरावांनी क्लच दाबला, गाडी सरळ धरली आणि उजवं पाऊल दाबलं. गाडी कचरत, थरथरत थांबली. भागिरथाबाईंची बोटं त्यांच्या खांद्यात रुतली होती. बकऱ्या गेल्या, मागून बकऱ्यावाली म्हातारीही गेली.

"लागला ब्रेक," माणिकराव म्हणाले.

"लागला तं. आता चाला."

मग रस्ता सरळ झाला. दोन्हीकडे कापूस फुटलेला. माणिकरावांनी शेवटचा गिअर टाकला आणि थोडा वेळ नुसतीच गाडी पळू दिली. मग डावा पाय उचलून त्यांनी पुढच्या पायदानावर ठेवला. दोन्ही पाय सारखे पसरले. छातीवर वारा येत होता.

भागिरथाबाईंनी खांद्यावरचा हात काढला आणि त्यांच्या कमरेला घातला. दिवसाउजेडी, भर रस्त्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मग त्यांचा गाल पाठीला टेकला. प्लास्टर होतं तेव्हापासून त्यांनी या माणसाला उठवलं होतं, बसवलं होतं, मोरीपर्यंत नेलं होतं. सगळा भार त्यांच्यावर असायचा. आज पहिल्यांदा त्यांनी आपला भार त्याच्यावर टाकला.

त्यांच्या गावाचा फाटा दिसू लागला. वळायचं तर गिअर कमी करायला हवा होता, म्हणजे डावा पाय मागे घ्यायला हवा होता. गाडीला हिसका बसला असता.

माणिकरावांनी पाय तिथंच ठेवला.

"अवो, फाटा गेला ना," पाठीमागून आवाज आला. गाल मात्र हलला नाही.

"जाऊ दे," माणिकराव म्हणाले. "वाशीमपर्यंत सरळ हाये रस्ता."